मतांचा धुरा कोण सरकवते?

(तालुका शिबिरात दुपारच्या बैठकीत झालेलं भाषण. बोललं गेलं तसंच उतरवलं आहे, मधली प्रश्नोत्तरं तेवढी आवरती घेतली. ज्या गावांत वाचता येणारे कमी आहेत तिथं कोणीतरी हे चावडीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)

 

कापूस वेचायचा सोडून तुम्ही आलात, मजुरी बुडवून आलात, म्हणून लांबण लावत नाही.

धुऱ्याचं भांडण काय असते हे आपल्याले कोणी शिकवावं लागत नाही. शेजारी वखर मारताना वीतभर आत येतो. पुढल्या वर्षी अजून वीतभर. पाच वर्षांनी पाहता तर दोन तासं गेलेली. मग आपण मोजणी आणतो, तलाठ्याकडे जातो, नाहीच जमलं तर कोर्टात उभे राहतो. वनहक्काच्या दाव्यात तर आपण एकेका कोपऱ्यावर उभं राहून नकाशा काढला, वनखात्याच्या माणसासमोर बोट ठेवून सांगितलं की हा आमचा दगड, हा आमचा मोह.

पण एक धुरा असा आहे की तो सरकला तरी पायाला लागत नाही. तो कागदावर सरकतो. आपलं गाव जिल्हा परिषदेच्या कोणत्या गटात, पंचायत समितीच्या कोणत्या गणात, आपलं पोड ग्रामपंचायतीच्या कोणत्या वॉर्डात, ही रेषा. मतदानाच्या दिवशी आपण रांगेत उभं राहतो तेव्हा अर्धा निकाल या रेषेनं आधीच लावलेला असतो. आज त्याच रेषेबद्दल बोलायचं आहे.

२०२५ च्या जुलैत काय झालं ते आठवा. १४ तारखेला, सोमवारी, जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांचा कच्चा आराखडा लागला. हरकत घ्यायची मुदत २१ तारखेपर्यंत. म्हणजे सात दिवस. आणि कोणते सात दिवस? डवरणीचे, निंदणाचे, खतासाठी दुकानापुढे रांग लावायचे. नाल्याला पूर असला की ज्या पोडातून माणूस बाहेर निघत नाही, तिथल्या माणसानं तालुक्याला जायचं, फलकावरचा नकाशा वाचायचा, लोकसंख्येची बेरीज तपासायची आणि अर्ज लिहायचा. कोण करणार? ज्याच्या दारात मोटारसायकल आहे, ज्याचा पाव्हणा पंचायत समितीत बसतो, तो करतो. त्याच्या सोयीची रेषा राहते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा सांगतो की जिल्ह्याचे गट पाडायचे आणि एका सदस्यामागे लोकसंख्या शक्य तोवर सगळीकडे सारखी ठेवायची. एका गटात दोन गण. आपल्या जिल्ह्यात एक गट साधारण चौतीस-पस्तीस हजार लोकांचा पडतो. हे तत्त्व चांगलं आहे, त्याला आपला विरोध नाही. एका गटात वीस हजार आणि दुसऱ्यात पन्नास हजार असले तर दुसऱ्या गटातल्या माणसाचं मत निम्म्याहून कमी वजनाचं झालं. तागडीत खोट नको, हे आपणही म्हणतो. डिंक आणि मोहफूल विकताना मापात किती मारतात ते आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत?

पण माप सारखं असलं म्हणजे न्याय झाला असं नाही. डोकी सारखी ठेवूनही एखाद्या समाजाला बिनआवाजाचं करता येतं. याचा सगळ्यात उघडा दाखला आपल्या देशातला नाही, अमेरिकेतला आहे. तो सांगते, कारण तोही कपाशीच्या मुलखातला आहे.

अलाबामा नावाच्या राज्यात टस्कीगी म्हणून एक लहान शहर आहे. काळ्या मातीचा पट्टा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या पिढ्या तिथं गोऱ्यांच्या शेतात कापूस वेचत मेल्या. पुढं गुलामी गेली, त्यांनी तिथं मोठी शाळा-कॉलेज उभं केलं, लेकरं शिकली. लढून लढून चारशेच्या आसपास काळ्या माणसांनी मतदार यादीत नाव घातलं. गोऱ्यांना भीती वाटली की उद्या नगर परिषदेत हे बसतील. मग १९५७ मध्ये राज्याच्या विधानसभेनं काय केलं? कोणाचं नाव यादीतून खोडलं नाही. कोणाला मारलं नाही. शहराची हद्द फक्त नव्यानं आखली. आधी शहर चौकोनी होतं. नव्या नकाशात त्याला २८ बाजू झाल्या, इकडून आत, तिकडून बाहेर, काळ्या वस्त्या चुकवत चुकवत. चारशेपैकी चार-पाच काळे मतदार शहरात उरले. गोरा एकही बाहेर गेला नाही.

तिथल्या लोकांनी गोऱ्यांच्या दुकानातून माल घेणं बंद केलं. गोमिलियन नावाचे शिक्षक आणि त्यांचे साथीदार कोर्टात गेले. खालच्या कोर्टांनी सांगितलं, हद्द आखणं हा राज्याचा अधिकार आहे, आम्ही काय करणार. १९६० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नाही, रेषेच्या नावाखाली मताचा हक्क काढता येणार नाही. लक्षात ठेवा, त्या लोकांनी कोर्टात भाषण ठेवलं नाही, नकाशा ठेवला. २८ बाजूंचा नकाशा पाहिल्यावर दुसरं काही सांगायची गरजच उरली नाही.

आपल्याकडे असं उघडं कोणी करत नाही. आपल्याकडे तलाठी आणि ग्रामसेवक टेबलावर बसून सोयीनं करतात, गावातले दोन वजनदार लोक चहा पाजतात, आणि पोड फुटते. कधी हेतू वाईट असतो, कधी नुसता आळस असतो. पोडाला परिणाम तोच.

ग्रामपंचायतीपासून सुरू करू, कारण येत्या काळात आपल्या गावांत वॉर्ड पडणार आहेत आणि ते काम आपल्या हाताच्या अंतरावर आहे. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. दीड हजारापर्यंत ७, तीन हजारापर्यंत ९, असं वाढत जातं. एका वॉर्डातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात. जेवढे सदस्य, तेवढी मतं प्रत्येकाला.

समजा, एक गाव आहे २१०० लोकवस्तीचं. ९ सदस्य, तीन वॉर्ड, दर वॉर्डात ७०० माणूस आणि तीन सदस्य. या गावात आदिवासी ६६०. एक कोलाम पोड १८० चं, दुसरं १६० चं, एक गोंडांचा टोला २००, आणि १२० लोक मुख्य गावठाणात राहतात. पोडं आणि टोला जंगलाच्या बाजूला, एका रस्त्यावर. आता दोन प्रकारे रेषा मारता येते.

पहिली रीत. दोन्ही पोडं आणि टोला एका वॉर्डात घेतले, ५४० झाले, बाजूची १६० वस्ती घेऊन ७०० पूर्ण केले. त्या वॉर्डात आदिवासींचं बहुमत. तिन्ही सदस्य त्यांच्या मतानं येतील. पाण्याची टाकी पोडात हवी की नको, वनहक्क समितीचा ठराव आधी की शेवटी, यावर ते तीन जण ग्रामपंचायतीत उभे राहून बोलतील, कारण पुन्हा मत मागायला त्यांना चावडीतच यायचं आहे.

दुसरी रीत. एक पोड वॉर्ड एकमध्ये, दुसरं वॉर्ड दोनमध्ये, टोला वॉर्ड तीनमध्ये. तिन्ही वॉर्ड ७०० चेच. माप बरोबर, कागद बरोबर. पण आता प्रत्येक वॉर्डात आपण दोन-अडीचशे आणि बाकीचे साडेचार-पाचशे.

इथं एक भाऊ मागून म्हणाले, "पण बाई, राखीव जागा तर राह्यतेच ना?" बरोबर आहे भाऊ, राहते. ६६० च्या हिशोबानं ९ पैकी ३ जागा आदिवासींना राखीव येतील. पण वस्ती फुटलेली असली तर एकेका वॉर्डात एकेक जाईल, आणि त्या जागेवर कोणता आदिवासी बसवायचा हे बाकीचे पाचशे ठरवतील. असे सदस्य आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माणूस आपला, आडनाव आपलं, सही करायला कोणाच्या वाड्यावर जातो ते विचारू नका. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला निवडून आणणारा मतदार कोण आहे, तिकडेच तो पाहणार. राखीव जागा ही खुर्ची आहे, तिच्यावर कोण बसणार हे रेषा ठरवते. १९३२ मध्ये पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांच्या मनात हाच प्रश्न होता की आमचा प्रतिनिधी आमच्या मतानं येणार की दुसऱ्यांच्या? नव्वद वर्षं होऊन गेली, प्रश्न पोडापर्यंत येऊन पोचला.

दुसरी गोष्ट, आणि ही आपल्या पाचव्या अनुसूचीतल्या गावांनी नीट ऐकावी. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी या भागातली बरीच गावं १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा म्हणतो की अशा पंचायतीत आदिवासींच्या जागा निम्म्याहून कमी असणार नाहीत. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यातही ते आलं. पण तिथं एक शब्द आहे: पंचायत 'पूर्णपणे' अनुसूचित क्षेत्रात असली तर. थोडी आत आणि थोडी बाहेर असली तर नुसत्या लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे आता जे गाव सांगितलं तेच धरा. ते पूर्ण अनुसूचित असलं तर ९ पैकी किमान ५ जागा. त्याच्या गट ग्रामपंचायतीत बाहेरचं एक खेडं जोडलेलं असलं तर ५ चा हिशोबच गेला, प्रमाणात ३ आल्या तर आल्या. एक खेडं जोडलं, दोन जागा गेल्या, आणि कोणी तुमच्या विरोधात एक शब्द बोललंसुद्धा नाही! म्हणून आपली पंचायत कोणत्या कोणत्या महसुली गावांची मिळून झाली आहे, त्यातलं प्रत्येक गाव आदेशाच्या यादीत आहे का, हे आपल्या पेसा समितीनं पाहून ठेवलं पाहिजे. ज्यांना गावाची वेगळी पंचायत मागायची आहे त्यांच्यासाठी हे कारण सगळ्यात वजनदार आहे.

तालुक्याच्या गावांत नगरपंचायती झाल्या, तिथल्या आदिवासी मोहल्ल्यांचं दुखणं निराळंच आहे. मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव. नगरपंचायतीत १७ प्रभाग, दर प्रभागाला एक नगरसेवक. ग्रामसभा तिथं उरत नाही, पेसा तिथं पोचत नाही, शहरांसाठी तसा कायदा संसदेनं अजून केलेलाच नाही. मग हाती उरतो तो प्रभागच. प्रभाग पाडताना लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली चालते, आणि मागासवर्गीयांच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत अशी आयोगाची सूचना असते. तो दहा टक्क्यांचा मोकळेपणा आपल्या कामाचा आहे. साहेब म्हणतील आकडा बसत नाही, तेव्हा म्हणायचं, दहा टक्के वापरा, वस्ती फोडू नका.

आता वर जाऊ, जिल्हा परिषदेला. तिथं आदिवासींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, आणि कोणत्या गटात जायच्या हे उतरत्या क्रमानं ठरतं. ज्या गटात आदिवासींची टक्केवारी सगळ्यात जास्त तो पहिला, मग त्याच्या खालचा. पुढच्या निवडणुकांत ते फिरत जातं. २०२५ मध्ये नवे नियम आले आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्यामुळे टक्केवारी म्हणजे इथं सगळं काही. दहा-बारा पोडांचा एक पट्टा सलग एका गटात असला तर टक्केवारी वर चढते. तोच पट्टा तीन गटांच्या कोपऱ्यांत वाटला गेला तर तिन्हीकडे आपण खाली.

मात्र सगळीकडे 'आम्हाला एकत्र ठेवा' एवढंच ओरडणंही बरोबर नाही. कापूस गाडीत भरताना आपण वर चढून पायानं तुडवतो, तसं कधी कधी आदिवासी गावं एकाच गटात तुडवून भरतात. शंभरात ऐंशी आदिवासी. तिथला सदस्य आपला येतो, छान. पण बाजूच्या दोन गटांत आपण शंभरात पंचवीस होतो, तीसही होत नाही, आणि तिथं कोणी आपल्याला विचारत नाही. तीच गावं नीट बसवली असती तर कदाचित दोन गटांत आपलं चाललं असतं. म्हणून आधी आकडा मांडायचा. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात आपण थोडे असतो, तिथं बहुतेक वेळा एकत्र राहणंच फायद्याचं. गटाच्या पातळीवर बेरीज करून पाहिल्याशिवाय तोंड उघडू नका.

आमदार-खासदारांच्या मतदारसंघांचं थोडक्यात सांगते. ती रेषा शेवटची २००८ मध्ये बदलली, २००१ च्या जनगणनेवर. त्याआधी आपल्या जिल्ह्यात आठ आमदार होते, सात राहिले. दारव्हा मतदारसंघ गेला. सगळ्या विदर्भाचे ६६ चे ६२ झाले, आणि तिकडे एकट्या ठाणे जिल्ह्याचे १३ चे २४ झाले, कारण माणूस तिकडे जाऊन राहिला. आपल्याकडूनही गेलाच की. आदिवासींसाठी राखीव जागा राज्यात २२ च्या २५ झाल्या, पण आपल्या जिल्ह्यात दोन होत्या त्या दोनच राहिल्या, राळेगाव आणि केळापूर. केळापूरचं नाव तेवढं आर्णी झालं. मारेगाव आणि झरी-जामणी, जिथं इतकी कोलाम पोडं आहेत, ते तालुके वणी मतदारसंघात, आणि वणी खुला. पुसदकडचे आंध भाऊ खुल्या मतदारसंघात, उमरखेडची जागा अनुसूचित जातींसाठी. लोकसभेला तर एका जिल्ह्याचे तीन तुकडे. वणी आणि आर्णी चंद्रपूरला जोडले, उमरखेड हिंगोलीला, उरलेले चार यवतमाळ-वाशिमला. तिन्ही खुल्या. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात २७ लाख ७२ हजार लोक, त्यात आदिवासी ५ लाख १४ हजार, म्हणजे शंभरात साडेअठरा. पाच लाख लोक तीन ठिकाणी वाटले गेले की दिल्लीला जाणाऱ्या कोणालाही आपल्या मतांवाचून अडत नाही.

हे मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही. आयोगाला कायद्यानं जाहीर बैठका घ्याव्या लागतात, हरकती ऐकाव्या लागतात. प्रश्न इतकाच की त्या बैठकीत पोडातला माणूस असतो का.

आणि ती बैठक पुन्हा येणार आहे. म्हणून आता जनगणनेकडे येते. माझ्या मते आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

रेषा कोणतीही असो, ती माणसं मोजून मारतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२५ चे गटही २०११ च्या आकड्यांवर पडले. चौदा वर्षांत किती लेकरं जन्मली, किती नवी पोडं वसली, त्यांचा हिशोब नाही. आता नवी जनगणना ठरली आहे. २०२६ मध्ये घरांची यादी होईल आणि २०२७ च्या फेब्रुवारीत माणसं मोजतील, १ मार्च २०२७ ही तारीख धरून. जातही लिहिणार आहेत. त्या आकड्यांवर पुढं आमदार-खासदारांचे मतदारसंघ पडतील, बायांच्या एकतृतीयांश राखीव जागाही त्याच्यानंतरच येतील. त्यात आदिवासी बायांच्या जागा असणार आहेत, हे माझ्या मायबहिणींनी ध्यानात ठेवावं.

मोजणी कशी होते ते पाहा. गावाचे तुकडे पाडतात, त्याला प्रगणक गट म्हणतात. एक माणूस एक तुकडा मोजतो. पुढं वॉर्ड पाडताना हेच तुकडे उचलून जोडतात. तुमचं पोड मुख्य गावाच्या एका गल्लीसोबत एकाच तुकड्यात टाकलं असलं तर पोडात किती माणूस आहे हे कागदावर वेगळं कधी दिसणारच नाही. मग हरकत घेताना तुम्ही म्हणाल आम्ही १८० आहोत, आणि साहेब म्हणतील दाखवा कुठं लिहिलं आहे. म्हणून घरयादीचा माणूस येईल तेव्हा पोडाचा नकाशा वेगळा निघाला का, पोडाचं नाव त्यावर आलं का, पारधी बेडा सुटला का, नाल्यापलीकडची चार घरं धरली का, हे गावानं उभं राहून पाहायचं. जमात विचारली तर स्पष्ट सांगायचं. कोलाम तर कोलाम, आंध तर आंध, परधान तर परधान. 'लिहा काहीही' म्हणायचं नाही. भाषा कोलामी असली तर कोलामी सांगायची.

आणि फेब्रुवारी महिना! आपले किती लोक तेव्हा घरी असतात? पुसद, उमरखेड, महागावकडचे ऊसतोडीला गेलेले. काही वीटभट्टीवर, काही तेलंगणात. जनगणनेत माणूस मोजणीच्या दिवसांत जिथं सापडतो तिथं मोजला जातो. तीन आठवडे पूर्ण बाहेर असलेला माणूस आपल्या पोडात मोजला जात नाही, तिकडच्या तळावर मोजला गेला तर गेला, नाहीतर कुठंच नाही. चाळीस घरांच्या पोडातली पंधरा घरं बंद असली तर पुढली दहा-पंधरा वर्षं ते पोड कागदावर पंचवीस घरांचं. रेशनपासून वॉर्डापर्यंत सगळं त्या पंचवीसवर. मुकादमाशी बोलून त्या दिवसांत घरी येता येईल का, निदान घरातली काही माणसं मागं ठेवता येतील का, याचा विचार दिवाळीनंतर नाही, आधीच्या पोळ्यालाच करावा लागेल. उचल घ्यायच्या आधी.

अजून एक तारीख. ३१ डिसेंबर २०२५ नंतर गाव, तालुका, जिल्हा यांच्या हद्दी जनगणना संपेपर्यंत गोठतात. वनगावाचं महसुली गाव करायचे आपले जे ठराव वनहक्क कायद्याखाली पडून आहेत, ते त्याआधी झाले तर त्या गावाची मोजणी गाव म्हणून होईल. राहिले तर पुन्हा दुसऱ्याच्या नावाखाली. 

आता हरकतीचं. घटनेच्या २४३-ओ कलमात लिहिलं आहे की पंचायतींच्या मतदारसंघांच्या आखणीला कोर्टात आव्हान देता येणार नाही. शेतीच्या धुऱ्याचं भांडण वीस वर्षं कोर्टात चालतं. हा धुरा एकदा पक्का छापला की कोर्टाचं दार जवळपास बंद. जे काय आहे ते कच्च्या आराखड्याच्या त्या थोड्या दिवसांत.

हरकतीत 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच लिहिलं तर ती एका ओळीत फेटाळतात. मी अशा कितीतरी हरकती पाहिल्या आहेत, आणि फेटाळणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात फार कष्ट पडत नाहीत. हरकत घेताना आपला नकाशा जोडा. यांनी अशी रेषा मारली, आम्ही अशी सुचवतो. यांच्या रेषेत प्रत्येक वॉर्डात इतकी लोकसंख्या, आमच्या रेषेत इतकी, दोन्हीकडे माप सारखं बसतं. यांच्या रेषेत अमुक पोड फुटतं, आमच्या रेषेत फुटत नाही. यांच्या वॉर्डात मध्ये नाला आहे, पावसाळ्यात मतदान केंद्रावर जाता येत नाही, आमच्या वॉर्डातून सरळ रस्ता आहे. मापावर उत्तर दिलं की साहेबाला सहज टाळता येत नाही. ग्रामपंचायतीच्या वॉर्डाची हरकत तहसीलदाराकडे द्यायची, सुनावणी उपविभागीय अधिकारी घेतात. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. सुनावणीला एकटा सरपंच पाठवू नका, पोडातला नाईक आणि दोन बाया जाऊ द्या.

शेजाऱ्यांचं काय, असं सकाळी कोणीतरी विचारलं. बौद्धवाडा फुटतो, तांडा फुटतो, बेडा फुटतो. ते आपल्यासारखेच फुटतात. काही लोक गावात जाऊन सांगतात की आदिवासींच्या जागांमुळं तुमच्या जागा जातात. त्यात पडू नका. ओबीसींच्या जागांचा वाद वेगळा आहे, तो कोर्टात चालू आहे. आपल्या जागा घटनेनं लोकसंख्येच्या प्रमाणात दिल्या आहेत. पण वॉर्डाचा नकाशा काढायला बसाल तेव्हा बौद्धवाड्यातल्या माणसालाही बोलवा. दोन वस्त्या वाचवणारी एक रेषा सापडली तर हरकतीवर दोन्ही वस्त्यांच्या सह्या येतील.

काम वाटून घेऊ. प्रत्येक गावानं संक्रांतीपर्यंत आपली मोजणी आपणच करायची, पोडनिहाय, घरनिहाय. लहानथोर सगळे, बाहेरगावी गेलेले वेगळ्या रकान्यात. शाळेची वही चालेल. सोबत गावाचा साधा नकाशा, नाला, रस्ता, चावडी, शाळा, मतदान केंद्र दाखवणारा. आपल्या पंचायतीत कोणती महसुली गावं आहेत ते ग्रामसेवकाकडून लिहून घ्या. वनहक्काच्या वेळी ज्या पोरापोरींनी जीपीएस धरलं होतं त्यांनाच हे काम द्या, त्यांना सवय आहे. वह्या पुढच्या बैठकीला पांढरकवड्याला आणा. १९८५ च्या आदेशातली गावांची यादी आम्ही तिथं भिंतीवर लावून ठेवू, ज्याला आपलं गाव शोधायचं त्यानं थोडं लवकर यावं, कारण यादी लांब आहे आणि अक्षर बारीक आहे.